कापडावरचा किडा आणि कापडातला किडा



हल्ली कापडावर किडे आले आहेत. फुलपाखरं तर पूर्वीपासून होतीच. आता मधमाश्या, चतुर, भुंगे, पतंगही दिसतात. आधी छपाई, मग त्यावर जरीचं किंवा रेशमाचं भरतकाम, एखादा टिकलीचा डोळा. लक्ष्मी रोडच्या दुकानांत ते दिसतं आणि डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींच्या कामातही दिसतं. कुणी म्हणेल, छान आहे, नेसा आणि पुढे चला. पण वस्त्र ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे असं आम्ही मानतो. म्हणून प्रश्न असा: किड्याचं चित्र असलेलं कापड चांगलं कधी म्हणायचं?

आधी आपल्या परंपरेकडे पाहू. पैठणीच्या पदरावर मोर आहे, पोपट आहे, कमळ, कोयरी, आसवलीची वेल आहे. किडा मात्र नाही. पैठणच्या लोकांना किडे दिसत नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. त्याच पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, आणि तिथे अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, अळीला मातीच्या घरात कोंडणारी कुंभारीण आहे. म्हणजे एकाच गावात किड्याला गुरुपद मिळालं, पण पदरावर जागा मिळाली नाही.

असं का झालं असावं? आमचा अंदाज साधा आहे. पदरावर शुभ तेवढंच यायचं, आणि कापडाच्या जगात किडा म्हणजे नाश. 'कसर लागली' हा शब्द आपल्या घराघरांत होता. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या घालायच्या त्या कशासाठी? पैठणीवर किडा दिसला तर घरातल्या बाईने कौतुक केलं नसतं, साडी उन्हात झटकली असती!

पण गंमत पाहा. चित्रात नसलेला किडा कापडात मात्र पहिल्यापासून होता. रेशीम हे किड्याचंच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, स्वतःच स्वतःला कोंडून घेणाऱ्या जीवासाठी कोशकिड्याचा दृष्टांत येतो. रंगातही किडा होता. किरमिजी हा शब्द घ्या. फारसीत किर्म म्हणजे किडा, आपल्या कृमीचाच भाऊबंद. त्या किड्यापासून निघणारा तांबडा तो किरमिजी. इंग्रजीतला क्रिमझनही त्याच घराण्यातला. आपला अळिता लाखेच्या किड्याकडून येतो. तेव्हा वस्त्रात किडा तीन जागी असू शकतो: धाग्यात, रंगात आणि चित्रात. आपल्या परंपरेने पहिल्या दोन जागा दिल्या, तिसरी नाकारली. आजची फॅशन तिसरी देते आणि पहिल्या दोन विसरते. आमची सगळी टीका या विसरण्यावर आहे.

मधल्या काळात एक विलक्षण प्रकार होऊन गेला. सोनकिड्याचे हिरवे, चकाकणारे वरचे पंख कापून, भोक पाडून, ते जरीबरोबर कापडावर शिवायचे. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद, मद्रासकडे असं काम होई आणि इंग्रज स्त्रियांना त्याची फार हौस होती. १९०३च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झन यांनी घातलेला मोरपिशी पोशाख प्रसिद्ध आहे. भरतकाम आपल्या कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ यांच्या घराण्याची. त्यावरच्या प्रत्येक मोरपिसाचा डोळा सोनकिड्याच्या पंखाचा आहे. त्याआधी १८८८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर एलन टेरी लेडी मॅकबेथ झाल्या, तेव्हा त्यांच्या झग्यावर असेच पंख शिवले होते. सापाच्या खवल्यांचा आणि चिलखताचा भास व्हावा म्हणून. दोन्ही पोशाख देखणे आहेत. पण एकात किडा मोर झाला आणि दुसऱ्यात साप. खराखुरा किडा अंगावर घातला, तरी त्याला किडा म्हणून दिसू दिलं नाही.

आता आजच्या छापील किड्याकडे या. त्याच्याबद्दल आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप ढबीचा. बहुतेक छापील फुलपाखरं चारही पंख सपाट पसरून, वरून पाहिल्यासारखी, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी अशी असतात. जिवंत फुलपाखरू असं क्वचितच बसतं. बरीच फुलपाखरं तर पंख पाठीवर मिटून बसतात. ही ढब संग्रहालयातल्या पेटीची आहे, टाचणी टोचलेल्या नमुन्याची. पुस्तकातून, इंटरनेटवरून चित्र घेतलं की टाचणीही सोबत येते. मग तेच चित्र शंभर वेळा छापायचं आणि त्याला निसर्ग म्हणायचं. डिझाइन करणाऱ्याने सिंहगडाच्या वाटेवर अर्धा तास एका झुडपापाशी बसून पाहिलं असतं, तर कापड वेगळं झालं असतं.

दुसरा आक्षेप रंगाचा. सोनकिड्याचा हिरवा हा रंगद्रव्याचा नाही. पंखावर अतिशय पातळ थर एकावर एक असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश तो रंग घडवतो. म्हणून कोन बदलला की रंग बदलतो, आणि म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखांवर ते पंख अजून झळकतात. शाईचा हिरवा तिथे पोचत नाही. पण आपला विणकर वेगळ्या वाटेने त्याच्या जवळ पोचला होता! उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे, म्हणजे आपली धूपछाँव. साडी हलली की रंग हलतो. पैठणीने किड्याचं चित्र काढलं नाही, तरी किड्याच्या पंखाची किमया मात्र साधली. भरतकामातही ती ताकद आहे. रेशमी टाक्याची दिशा बदलली की तोच धागा उजळ किंवा गडद दिसतो. शिवाय फुलपाखराचा पंख कौलांसारख्या बारीक खवल्यांनी झाकलेला असतो. जवळून पाहिलं तर तो भरल्यासारखाच दिसतो, टाक्याला टाका लावून. मग आधी छापून वर शोभेपुरते चार टाके कशाला? जिथे रंग हलायला हवा तिथे सुई चालवावी, जिथे स्थिर हवा तिथे ठसा. एवढा विवेक आम्ही मागतो.

कुणी म्हणेल, टीका झाली, आता चांगलं काय ते सांगा. सांगतो.

विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात टसरचा किडा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर वाढतो. पाळणारी माणसं पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून त्याची राखण करतात. त्या कोशाला देठ असतो, आणि देठाच्या टोकाची कडी फांदीला गच्च धरून राहते. त्यातून बाहेर येणाऱ्या पतंगाच्या चारही पंखांवर एकेक डोळा असतो, डोळ्याच्या मध्ये पारदर्शक खिडकी. या टसरची करवतकाठी साडी तिकडे विणली जाते, काठाला करवतीचे दाते असलेली. तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण सलग धागा काढायचा तर कोशातला जीव आतच मारावा लागतो. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतूनच तेवढे पतंग बाहेर पडतात.

समजा, या टसरवर कुणी राणी पाकोळी छापली. २०१५पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, सुंदर आहे, विकलंही जाईल. पण मग ज्याच्या धाग्याने कापड झालं त्याच्या अंगावर आपण दुसऱ्याचं चित्र काढलं. त्याऐवजी त्या काठावर देठाची कडी यावी, पदरावर खिडकीचा डोळा यावा, आणि तिथे कापड खरोखरच विरळ विणलेलं असावं, पलीकडचं दिसेल असं. जो पतंग बाहेर आला नाही, तो निदान पदरावर येईल. आणि साडीच्या चिठ्ठीवर डिझाइन करणाऱ्याच्या नावाशेजारी, कोणत्या गावच्या रानात हा किडा राखला गेला तेही लिहावं. आज ते नाव कुठेच नसतं. राखणाऱ्याला नाव नाही म्हणून भावही नाही, आणि भाव नाही म्हणून त्याची मुलं रान सोडतात. रान सुटलं की कोश संपला. मग छापायला किडा उरेल, विणायला उरणार नाही.

फॅशनवर एवढं ओझं का, असं तुम्ही विचाराल. आम्ही रेशीम टाका म्हणत नाही, प्रायश्चित्तही मागत नाही. वस्त्र हलकं असावं, हौसेचं असावं. फक्त त्याने खोटं बोलू नये. मेलेल्या हजारो जीवांच्या धाग्यावर बागडणारं फुलपाखरू छापणं, आणि तो धागा कुणाचा हे सांगायचंच नाही, हे खोटं आहे. पुढच्या वेळी दुकानात असं कापड समोर आलं, तर आधी विचारा: चित्र कुणाचं, आणि धागा कुणाचा? दुकानदार गोंधळेल. गोंधळू द्या.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.