आलेखाआधी थोडी आकडेमोड

रुग्ण किती काळ जगतात याचा अभ्यास आरोग्य-संशोधनात 'आर' या मोफत संगणकप्रणालीवर शिकता येतो. तिच्या 'सर्व्हायव्हल' संचात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२८ रुग्णांच्या खऱ्या नोंदी आहेत. संच उत्तमच, पण एक आज्ञा दिली की पायऱ्यापायऱ्यांचा आलेख हजर, आणि आमचा आक्षेप इथेच आहे. त्यातले ६३ रुग्ण शेवटच्या नोंदीपर्यंत जिवंत होते. त्यांना वगळून फक्त १६५ मृतांचा मध्यक काढला तर २२६ दिवस येतो. कॅप्लान-मायर (१९५८) रीतीने ३१०! असे का, ते आलेख सांगत नाही.

त्यापेक्षा आधी कागदावर पाच रुग्ण मांडा. दुसऱ्या महिन्यात एक दगावला: जगण्याची शक्यता ४/५. तिसऱ्यात एक गाव सोडून गेला. त्याला मृत धरायचे नाही, फक्त पुढच्या मोजणीतून गाळायचे. चौथ्यात उरलेल्या तिघांपैकी एक दगावला. म्हणून ४/५ × २/३, म्हणजे ८/१५.