रुसलेला अकिलीज आणि दिघीची मावशी

महाकाव्याचा नायक कसा असावा, याबद्दल आमच्या पिढीच्या कल्पना शाळेतच पक्क्या झालेल्या. तो धीरोदात्त असावा, सत्यवचनी असावा, आणि रडायचेच झाले तर निदान चारचौघांत रडू नये. होमरच्या 'इलियड'मधला अकिलीज पहिल्याच सर्गात या अपेक्षांवर पाणी ओततो. त्याच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस नावाची बंदिनी सेनापती आगमेमनॉन काढून घेतो. झाले! स्वारी रुसते, समुद्रकाठी जाऊन बसते आणि चक्क आईला हाका मारून रडू लागते. आईही अशी, की मुलाची समजूत घालायची सोडून थेट झ्यूसकडे वशिला लावायला जाते. मागणे काय, तर माझ्या मुलाची किंमत कळेपर्यंत त्याच्याच बाजूची माणसे मरू देत! चोवीस सर्ग, पंधरा हजारांवर ओळी, आणि सगळे सुरू होते ते या रुसव्यापासून. मानपान न झाल्यामुळे पंगतीतून उठलेले वरपक्षाचे काका मी पुष्कळ पाहिलेत. पण त्यांच्यापायी एवढी प्रेते पडल्याचे ऐकिवात नाही.

हा ग्रंथ मी वाचला दिघीला, मावशीकडे. राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तोंडाशी हे गाव, समोर पाण्यात जंजिरा. दिवस पावसाचे. खाडीपलीकडे जाणे बंद आणि वीज तिच्या मर्जीने येणार. तेव्हा दिवसा मी वाचायचे आणि संध्याकाळी मावशीला सांगायचे, असा क्रम पडला. मावशीने जन्मभर कीर्तने आणि पोथ्या ऐकलेल्या. कथा कुठे पातळ होते ते तिला आमच्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळते.

देव आले आणि मावशी सरसावून बसली. हीरा आणि अथीना ग्रीकांकडून, अपोलो आणि अ‍ॅफ्रोडायटी ट्रॉयकडून. हातघाईला आलेल्या पॅरिसला अ‍ॅफ्रोडायटी धुक्यात गुंडाळून उचलते आणि थेट शेजघरात नेऊन ठेवते. पुढे एकदा तिच्याच हाताला भाल्याचा ओरखडा येतो, तर ती रडत आईच्या मांडीवर. युद्धाचा देव एरीस जखमी होताच दहा हजार माणसांच्या आवाजात बोंबलतो आणि बापाकडे तक्रार घेऊन जातो. धावण्याच्या शर्यतीत तर अथीना धाकट्या एजॅक्सचा पाय घसरवून त्याला शेणात तोंडघशी पाडते. का, तर तिचा लाडका ओडिसियस पहिला यावा. मावशी म्हणाली, "अरे, हे देव म्हणायचे की भाऊबंद?"

मला वाटते, होमरचे मर्म तिने तिथेच पकडले. या देवांना मरण नाही, म्हणून त्यांच्या भांडणाला वजनही नाही. संध्याकाळी पुन्हा अमृताचे पेले आहेतच. खाली हेक्टर मात्र एकदाच मरतो. बायकोचा निरोप घेताना तो तान्ह्या मुलाला जवळ घेऊ पाहतो, पोर बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून किंचाळते, आणि हेक्टर हसून ते शिरस्त्राण काढून खाली ठेवतो. सगळ्या ऑलिंपस पर्वतावर या एवढ्या कृतीच्या तोलाचे काही घडत नाही. अपवाद एकच. स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरणार हे ठाऊक असूनही झ्यूस त्याला वाचवू शकत नाही आणि पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. तेवढ्यापुरता मला तो देव वाटला, म्हणजे बाप वाटला.

शेवटच्या सर्गात म्हातारा प्रायम राजा रात्री एकटा शत्रूच्या छावणीत येतो आणि ज्या हातांनी आपला हेक्टर मारला, त्या अकिलीजच्या हातांचे चुंबन घेऊन मुलाचे प्रेत मागतो. दोघे रडतात, हा मुलासाठी, तो आपल्या बापाच्या आठवणीने आणि गेलेल्या मित्रासाठी. मी इथे आवाज खाली आणून थांबलो. मावशीने पदराने डोळे टिपले आणि विचारले, "मग जेवले का दोघं?"

आणि काय सांगू, जेवतात! अकिलीज स्वतः मेंढा कापतो, मांस वाढतो, म्हाताऱ्याला आग्रह करतो. उत्तरक्रियेसाठी किती दिवस लढाई थांबवू, हेही विचारतो. पहिल्या सर्गातला तो रुसूबाई शेवटी यजमान होतो. हा प्रवास दाखवायला होमरला एवढ्या ओळी लागल्या, आणि मला त्यातली एकही आता जास्त वाटत नाही.

"पण तो घोडा कुठे गेला?" मावशीने विचारले. लाकडी घोडा 'इलियड'मध्ये नाहीच. हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी ग्रंथ संपतो. घोड्याची हकिगत 'ओडिसी'त येते. हे ऐकून मावशी थोडी खट्टू झाली, मग तिने दाराबाहेर बोट केले. "आमच्याकडे तर पिंपं होती."

तीही गोष्ट ट्रॉयचीच. जंजिऱ्याचा दगडी तट उठण्यापूर्वी त्या बेटावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि त्यांचा नायक होता राम पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीचा पिरमखान दारूचा व्यापारी बनून खाडीत आला. त्याने पाटलाला दारू पाजली, पिंपांत लपवलेली माणसे रात्री बाहेर पडली आणि मेढेकोट गेला, अशी आख्यायिका आहे. पुढचा इतिहास विजेत्यांचा: सिद्दी आले, तट उभे राहिले. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली, तरी किल्ला पडला नाही. थेट 1948 मध्ये हे संस्थान विलीन झाले.

होमर ग्रीकांचा कवी, तरी त्याने ग्रंथाची शेवटची ओळ शत्रूच्या प्रेतसंस्काराला दिली. राम पाटलाच्या वाट्याला दारू पिऊन झिंगण्यापलीकडे कथेत काही येत नाही. त्याला बायको होती का, मूल होते का, त्या रात्री तो लढला का, यातले आख्यायिकेत काही नाही. मावशी खाडीकडे बघत होती.

"त्याचं प्रेत मागायला कोणी गेलं होतं का रे?" ती म्हणाली.