खोडरबर कोणाच्या हातात?

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही; कादंबऱ्या लिहितो त्या सुट्टीत. तेव्हा परदेशी कार्टूनपटांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. तरी गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी त्या विषयावर बोललो आणि चुकलो. ती चूक दुरुस्त करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मी मुलांना म्हणालो, की पिक्सार ही अमेरिकेतली मंडळी स्वतंत्र होती तोवर तिची चित्रे जिवंत होती; २००६ साली डिस्नेने तिला विकत घेतले आणि सावकाराच्या घरी कलेचे जे व्हायचे ते झाले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “सर, ‘अप’ आणि ‘कोको’ कधीचे हो?”

‘अप’ २००९ चा, ‘कोको’ २०१७ चा. दोन्ही विक्रीनंतरचे. आणि ‘कोको’ पाहताना सरांनी डोळे पुसले होते हे तिने स्वतः पाहिले होते, कारण तो चित्रपट मीच वर्गाला दाखवला होता! मी काहीतरी सारवासारव केली. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या जाईना.

मग मी ही सारी हकीगत पहिल्यापासून जुळवून पाहिली. जॉन लॅसेटर हा तरुण चित्रकार ऐंशीच्या दशकात डिस्नेतच नोकरीला होता. संगणकाच्या साहाय्याने चित्रे हलवता येतील हा त्याचा ध्यास वरिष्ठांना मानवला नाही आणि त्याची नोकरी गेली. तो गेला एड कॅटमल या संगणकशास्त्रज्ञाच्या चमूत. १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी तो चमू विकत घेतला आणि पिक्सार उभी राहिली. १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ आला. म्हणजे ज्या विक्रीला मी कलेचा अंत म्हणालो, तिच्या वीस वर्षे आधी एक विक्री झालीच होती, आणि त्या विक्रीतून तर ही कला जन्मली!

पुढे चक्र फिरले. २००५ साली हाँगकाँगला डिस्नेची करमणूक-नगरी उघडली, तेव्हाच्या मिरवणुकीत डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांच्या ध्यानात आले, की गेल्या दहा वर्षांतली जी पात्रे समोरून जात आहेत ती आपल्या घरची नव्हेत, पिक्सारची आहेत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ७४० कोटी डॉलरचा सौदा केला. सौद्यात एक शहाणपण होते. पिक्सारचे नाव, जागा आणि रीतीभाती यांना हात लावायचा नाही असे ठरले. आणि डिस्नेच्या स्वतःच्या चित्रशाळेवरही प्रमुख म्हणून कॅटमल आणि लॅसेटर हेच नेमले गेले. ज्या घरातून हाकलले, त्याच घराच्या किल्ल्या हाती आल्या.

इथे मला माझ्या वर्गातली एक वस्तू आठवते: खोडरबर. नवे पोर कागदावर रेघ मारते आणि ती वाकडी आली तरी तिलाच चिकटून राहते, खोडायला भिते. ज्याला खोडता येते त्याला चित्र येऊ लागले, असे मी मानतो. पिक्सारची खरी कमाई संगणकाची नव्हती, खोडण्याची होती. ‘टॉय स्टोरी २’ चे काम बरेच पुढे गेले होते. डिस्नेच्या लोकांना ते चालण्यासारखे वाटत होते. मंडळींना मात्र ते पटेना. त्यांनी कथा नव्याने मांडली आणि नऊ महिन्यांत चित्रपट जवळजवळ पुन्हा केला. या धडपडीत कित्येकांचे हात आणि मनगटे दुखावली, हेही विसरू नये. पण १९९९ साली जे पडद्यावर आले ते टिकले.

आता कसोटी अशी, की विक्रीनंतर हे खोडरबर कोणाच्या हातात राहिले? पहिली काही वर्षे मंडळींच्याच. ‘रॅटटुई’, ‘वॉल-ई’, ‘अप’ ही ओळीने आलेली तीन चित्रे त्याची साक्ष आहेत. एवढेच नव्हे, तर ते खोडरबर विकत घेणाऱ्याच्या घरीही पोहोचले. डिस्नेच्या ‘फ्रोझन’मध्ये एल्सा ही राणी आधी खलनायिका होती. तिच्यासाठी रचलेले एक गाणे ऐकल्यावर कर्त्यांना ती निराळी दिसू लागली आणि त्यांनी कथाच फिरवली. २०१३ साली ती राणी घराघरांत पोहोचली. विकत घेतलेल्याने विकत घेणाऱ्याला शिकवले, असा हा प्रकार आहे.

मग बिघडले काहीच नाही काय? बिघडले. विक्रीआधीच्या सहा चित्रपटांत दुसरा भाग म्हणावा असा एकच होता. २०१० ते २०१९ या काळात आलेल्या अकरांपैकी सात जुन्याच पात्रांवर बेतलेले होते. ‘टॉय स्टोरी ३’ उत्तम आहे, तेव्हा दुसरा-तिसरा भाग म्हणजे पाप असे मी म्हणणार नाही. पण ‘कार्स २’ पाहताना, ही मोटार पडद्यासाठी निघाली की खेळण्यांच्या दुकानासाठी, असा संशय मला येत राहिला. खोडरबर मंडळींच्या हातात होते, पण कोरा कागद कमी मिळू लागला होता.

आणि खोडणारा हातही नेहमी न्यायी असतो असे नाही. ‘ब्रेव्ह’ची मूळ कल्पना ब्रेंडा चॅपमन या दिग्दर्शिकेची, आपल्या लेकीशी असलेल्या नात्यातून तिला ती सुचली. २०१० साली तिला बाजूला करून मार्क अँड्र्यूज यांच्याकडे काम दिले गेले. पुढे ऑस्कर दोघांच्या नावे मिळाले. पण आईने सुरू केलेली गोष्ट आईच्या हातून काढली गेली ती गेलीच. हा दोष विकत घेणाऱ्या पेढीवर ढकलता येत नाही. तो मंडळींच्या आपल्याच बैठकीतला आहे.

याच्या उलट ब्लू स्काय या चित्रशाळेचे झाले. ‘आइस एज’वाली ही मंडळी २०१९ साली फॉक्सबरोबर डिस्नेकडे आली आणि २०२१ मध्ये बंद झाली. सुमारे साडेचारशे माणसे घरी गेली. ‘निमोना’ या चित्रपटाचे काम चालू होते. मालकाने तिथे चित्र खोडले नाही. कागद, पेन्सिल आणि बाक सगळेच उचलून नेले. तरी चित्र मेले नाही. तेच दोन दिग्दर्शक ते घेऊन दुसऱ्या दारी गेले. ज्या डीनेग कंपनीने ते साकार केले तिची मालकी आपल्या मुंबईच्या प्राइम फोकसकडे आहे. २०२३ साली ‘निमोना’ लोकांसमोर आला.

आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले, तेव्हा रसिकांना कोण गेले हे ठाऊक होते. ते त्या गळ्यामागून नव्या मंडळीच्या तंबूत गेले. कार्टूनपटात कलावंताचा चेहराच दिसत नाही. दिसते ते कासव, खेळणे, उंदीर. म्हणून आपण पाटीवर विश्वास ठेवतो, आणि चित्र फसले की पाटीलाच शिव्या देतो. मीही तेच केले होते.

२०१८ नंतर लॅसेटर आणि कॅटमल पिक्सारच्या प्रमुखपदांवर राहिले नाहीत. कलेची सूत्रे ‘अप’चे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांच्याकडे आली. २०२४ साली तिथल्या शंभरांतल्या चौदा माणसांना निरोप मिळाला. आणि त्याच वर्षी आलेल्या ‘इनसाइड आउट २’ने दीडशे कोटी डॉलरांहून अधिक धंदा केला. निघालेल्यांच्या जागी कोण बसते, आणि न पटलेले चित्र पुन्हा करू द्या असे म्हणण्याची त्याला मुभा आहे की नाही, याच्यावर पुढचे अवलंबून राहील. त्या दीडशे कोटींवर नाही.

त्या मुलीला मी हे सारे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे सर, शेवटी नावे येतात ती वाचायची.” खरे आहे. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर एखादा कार्टूनपट पाहाल, तर शेवटची नावे सुरू होताच उठू नका. नावे पुष्कळ असतात आणि भरभर जातात. निदान कथा कोणाची आणि दिग्दर्शन कोणाचे एवढे टिपून ठेवा. पुढच्या वर्षी ती माणसे कुठल्या पाटीखाली आहेत, ते मग आपल्याला शोधता येईल.