लोभ असावा, ही विनंती

मराठी पत्राला तीन अंगे असतात : मायना, मजकूर आणि सही. शाळेत पत्रलेखन शिकविताना आम्ही मजकुरावर भर देतो. पण पत्राचे पत्रपण खरे पाहता मायन्यात असते. 'ती. बाबांस कृतानेक साष्टांग नमस्कार', 'चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद', बरोबरीच्या माणसास नुसते 'स. न. वि. वि.' ह्या ठराविक शब्दांना रुक्ष म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ते लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठरवावीच लागे : समोरचे माणूस माझे कोण? वडील की धाकटे, सोयरे की शेजारी? एवढे ठरले, की पुढला मजकूर चार ओळींचा असो वा चार पानांचा, तो त्या एकाच माणसासाठी असे.

दिवाळीच्या आठ दिवसांत आपल्या फोनवर जे शुभेच्छांचे वाङ्मय कोसळते, त्याची समीक्षा कोणी करीत नाही. ते वाङ्मय म्हणण्याच्या योग्यतेचे नाही, असे समजून जाणकार ते बाजूला सारतात. पण पुष्कळ घरांत आता रोजचे मराठी वाचन म्हणजे मुख्यतः हेच वाचन झाले आहे. तेव्हा त्याला पत्राचीच कसोटी लावून पाहावयास हरकत नसावी.

ह्या वाङ्मयाचे मोठे लेखक म्हणजे संस्था : सराफाची पेढी, पतसंस्था, शिकवणीचा वर्ग, मोटारसायकलींचा विक्रेता, राजकीय पक्ष. ह्या सगळ्यांचा एक लाडका शब्द आहे : 'परिवार'. अमुक परिवारातर्फे आपणा सर्वांस हार्दिक शुभेच्छा! आता, ज्या परिवारात हप्ता थकला की माणूस परका होतो, त्याला परिवार म्हणावे काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. भाषेपुरते पाहिले तरी एक उणीव लगेच जाणवते. ह्या पत्रांना मायना नसतो, आणि तो असूही शकत नाही. कंपनीला वय नसते. ती कोणाची थोरली नसते, कोणाची धाकटी नसते. मग नमस्कार कोणाला करावयाचा आणि आशीर्वाद कोणाला द्यावयाचा, हे तिने कसे ठरवावे? म्हणून ती 'सर्वांस' लिहिते. अलीकडे काही जाहिराती सरसकट 'तू' म्हणू लागल्या आहेत. मराठीत 'तू' हा आईला, देवाला आणि बालमित्राला म्हणावयाचा शब्द आहे. जो शब्द सहवासाने मिळवावा लागतो, तो येथे पहिल्याच भेटीत फुकट वापरला जातो.

ह्यावर कोणी म्हणेल, की जाहिरातीवर रागावण्याचा अधिकार दिवाळी अंकात लिहिणाऱ्याला तरी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला मानला जातो. आणि ही परंपरा शंभर वर्षांवर टिकली ती वाचकांइतकीच जाहिरातदारांच्या आधारावर. पण अंकातली जाहिरात आपल्या पानावर बसते. कवितेच्या मधल्या कडव्यात ती शिरत नाही. अमूल लोण्याच्या त्या चिमुरडीचे फलक १९६०च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांवर लागले. ती कोणत्याही विषयावर विनोद करो, अखेर ती लोणी विकते आहे हे तिने कधी लपविले नाही. तिथे विक्रेता कोण आणि पाहणारा कोण, ह्यांत एक चौकट होती.

फेसबुकने आणि इन्स्टाग्रामने मोडली ती ही चौकट. भाचीच्या बाळाचे छायाचित्र आणि सराफाचा हार एकाच भिंतीवर, एकाच आकारात, एकाखाली एक लागतात. एवढ्यावर थांबते तर गोष्ट निराळी होती. भाऊबिजेला पेढीचे आवाहन येते : ह्या चित्राखाली आपल्या बहिणीचे नाव जोडा आणि बक्षीस जिंका. भाऊ नाव जोडतो, प्रेमानेच जोडतो. पण त्याचा बहिणीशी झालेला तो संवाद पेढीच्या फलकाखाली होतो, आणि बहिणीच्या मैत्रिणींपर्यंत पोचण्याची पेढीची वाट त्या नावावरून जाते. मग भाऊ स्वतः शुभेच्छा पाठवितो त्याही तयार नमुन्यात : मागे दिव्यांची आरास, कोपऱ्यात संस्थेचे बोधचिन्ह, मध्ये स्वतःचा फोटो. संस्था माणसासारखी बोलू लागली, हे मला तितकेसे खुपत नाही. माणसे एकमेकांशी संस्थेसारखी बोलू लागली, हे खुपते.

ही केवळ मास्तरांची कुरकूर नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनीच जाहीर कबुली दिली, की व्यवसाय, ब्रँड आणि प्रसारमाध्यमे यांच्या मजकुराच्या गर्दीत लोकांचे खासगी क्षण मागे पडत आहेत. यापुढे नातलग आणि मित्र यांना अग्रक्रम दिला जाईल. गंमत अशी, की त्याच महिन्यात त्याच कंपनीच्या व्हॉट्सॲपने दुकानदारांसाठी वेगळे 'व्हॉट्सॲप बिझनेस' सुरू केले. एका दाराने पाहुण्याला निरोप, दुसऱ्या दाराने स्वागत!

व्यापार आला की नाते मेले, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याला ते म्हणताच येणार नाही. भाऊबीज झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि भोवती बांगड्यांची, मिठाईची, खेळण्यांची दुकाने. सोयरेधायरे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि त्याच गर्दीत विक्रीही होते. आज मंडईची बातमी आणि वडशाच्या नाटक मंडळ्यांची पत्रके फोनवरूनच फिरतात, आणि पुण्या-नागपुराला गेलेली पोरे ती पाहून गावी येतात. पत्रकावर गाव असते, तारीख असते, बोलावणाऱ्या मंडळाचे नाव असते. काही चुकले तर जाब विचारावयाला माणूस सापडतो. फोनवर नातवाला आपल्या आवाजात निरोप धाडणारी निरक्षर आजी घ्या. ती सुरुवातीलाच त्याला नावाने हाक मारते : मायना झाला, आवाज तिचा : सही झाली. यंत्र तेच आहे. पण हे पत्र आहे, आणि ते पत्र नव्हे.

मायना आणि सही ह्यांचा आग्रह हा मला शिष्टाचाराचा प्रश्न वाटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्या दिवसांत देशभर तसले संदेश फोनवरून फिरत होते. ते कोणी लिहिले आणि कोणाला लिहिले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणांपलीकडे पुढे धाडण्यास मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. तथापि आपण एकमेकांशी किती बोलावे, ह्याचे माप परदेशातल्या एका कंपनीच्या हाती आहे, हेही त्यातून उघड झाले. सणाच्या शुभेच्छांतून ती अफवा जन्मली असे कोणी म्हणणार नाही. पण कोणाचा, कोणासाठी, हे न पाहता मजकूर पुढे ढकलण्याची बोटाला लागलेली सवय दोन्हीकडे एकच.

जुन्या पत्राचा शेवट 'लोभ असावा, ही विनंती' असा होई. मराठीत लोभाचे दोन अर्थ आहेत : माया आणि हाव. संस्थेचा लोभ दुसरा असतो, आणि तिने तो तिच्या पानावर उघडपणे मांडावा. त्याला माझा विरोध नाही. पहिला लोभ मागावयाचा असेल, तर तो कोणाच्या छापील कागदावर मागू नये. ह्या भाऊबिजेला बहिणीला दोनच ओळी लिहाव्यात; वर तिचे नाव घालावे आणि खाली आपले.