कलाटणीचा बिंदू : सरोवराचा आणि समाजाचा

मार्टेन शेफर या डच परिसरशास्त्रज्ञाचा ‘क्रिटिकल ट्रान्झिशन्स इन नेचर अँड सोसायटी’ हा ग्रंथ २००९ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. निसर्ग आणि समाज यांतील आकस्मिक स्थित्यंतरे एका सूत्रात ओवण्याची प्रतिज्ञा त्याच्या शीर्षकातच आहे. ती कितपत सिद्धीस जाते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ग्रंथाचे खरे बळ उथळ सरोवरांच्या विवेचनात आहे. पाणी नितळ असते तोवर तळाच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात व शेवाळास आवर घालतात. सांडपाण्यातून फॉस्फरस येत राहिला तरी बरीच वर्षे वरवर काही बिघडत नाही. मग अल्पावधीत पाणी गढूळते, उजेडाअभावी वनस्पती मरतात आणि गढूळपणाच स्थिर होऊन बसतो. नेदरलँड्समधील व्हेलुवे सरोवराचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस असेच झाले. पुढे फॉस्फरस घटविला, तरी पाणी निवळेना. बिघाड झाला त्या पातळीच्याही बरेच खाली यावे लागले, तळ उकरणारे ब्रीम मासे मोठ्या प्रमाणावर काढावे लागले, तेव्हा कोठे १९९० च्या दशकात ते नितळ झाले. जाण्याची वाट आणि परतीची वाट एक नसते, हा या ग्रंथाचा मोलाचा धडा होय.

समाजाकडे वळताच मात्र विवेचनाची पकड सैल होते. फॉस्फरस मोजता येतो. समाजात नेमके काय मोजावे? शिवाय मनुष्य भाकीत ऐकून आपले वर्तन बदलतो. पेढी बुडणार अशी आवई उठली की ठेवीदारांची रांग लागते आणि धडधाकट पेढीही बुडते. मासा अहवाल वाचत नाही.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडलेले उदाहरण येथे आठवते. शंभरांच्या जमावात पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड उचलतो, दुसरा एकाला पाहून, तिसरा दोघांना पाहून. अशाने सारेच दंगलीत उतरतात. दुसऱ्याच्या जागी दोघांना पाहिल्यावरच हलणारा माणूस ठेवला, तर पहिला एकटाच उरतो. सरासरीत फरक नगण्य, परिणामात जमीन-अस्मानाचा. शासकीय सेवेत आमच्यासमोर येणारे तक्ते सरासरीचेच असत. हा दुसरा माणूस त्यांत कधी दिसत नसे. म्हणून सरोवरातील पूर्वसूचनेच्या खुणा समाजातही तितक्याच भरवशाच्या मानणे आम्हांस धाडसाचे वाटते.

तरीही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांनी परतीच्या वाटेचे प्रकरण अवश्य वाचावे. गणेशोत्सव होतो, ग्रंथालय उघडे असते. पाणी नितळच दिसते. घरात मात्र नातवंडांना मराठी समजते आणि उत्तर हिंदीत वा गुजरातीत येते. बोलणारी घरे एकदा विरळ झाली की केवळ वर्ग काढून भाषा परतत नाही. तिची जागा घेतलेल्या सवयी घराघरांतून हलवाव्या लागतात. तेथे आरंभ करणारे घर बहुधा प्रत्येक गावी सापडते. त्याला पाहून मराठीकडे वळणारे दुसरे घर आहे काय, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.