फ्रांक मार्तँ : बारा स्वरांतील आधारस्वर

विसाव्या शतकातील युरोपीय संगीताचा इतिहास बहुधा शोनबर्ग आणि स्त्राविन्स्की या दोन नावांभोवती मांडला जातो, आणि त्या मांडणीत फ्रांक मार्तँ (१८९०–१९७४) या स्विस रचनाकारांना कडेला जागा मिळते. वस्तुतः आधारस्वर सोडावा की राखावा, हा त्या शतकातील सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्याइतक्या सबुरीने फार थोड्यांनी हाताळला.

जिनिव्हातील कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशकाचे हे दहावे अपत्य. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ने बालपणीच भारावून गेलेल्या मार्तँ यांनी घरच्यांच्या इच्छेखातर गणित आणि भौतिकशास्त्र अभ्यासले, तर रचनाशास्त्र ते योझेफ लाउबर यांच्याकडे खासगीरीत्या शिकले. दुहेरी गायकवृंदासाठीचा ‘मास’, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या ठरीव संहितेवरील गायनरचना, त्यांनी १९२६ पर्यंत पूर्ण केला. पण ही गोष्ट देव आणि आपण यांच्यापुरतीच आहे अशा भावनेने त्यांनी तो जवळ ठेवला आणि त्याचे पहिले गायन १९६३ मध्ये झाले.

शोनबर्गप्रणीत द्वादशस्वरी पद्धतीत सप्तकातील बाराही स्वर एका ठरवलेल्या क्रमाने येतात आणि कोणताही एक स्वर षड्जासारखा केंद्रस्थानी राहत नाही. मार्तँ यांनी १९३० च्या दशकात ही शिस्त अभ्यासली, क्रम स्वीकारला, मात्र केंद्राचा त्याग नाकारला. वाद्यवृंदसंचालक पॉल झाखर यांच्या सांगण्यावरून रचलेली ‘पेतीत सँफनी काँसेर्तांत’ (१९४४–४५) हा त्याचा सर्वोत्तम दाखला होय. हार्प, हार्प्सिकॉर्ड (तारा छेडून वाजणारे पियानोपूर्व कळवाद्य) आणि पियानो ही पूर्वी साथीला बसणारी वाद्ये येथे दोन तंतुवाद्यवृंदांसमोर प्रमुख होतात. संथ आरंभी तंतुवाद्ये बारा स्वरांची सुरावट उलगडतात, परंतु खालचे मंद्र स्वर कानाला सतत ठाव देत राहतात, आणि पुढे संथ भागातील गंभीर सुरावटच शेवटी चपळ कूचगीताचे रूप घेते. येथे गणिती काटेकोरपणा आहे, पण तो ऐकणाऱ्याच्या वाटेत येत नाही, हे या कृतीचे मोठेपण.

बारा गायक, सात तंतुवाद्ये आणि पियानो एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली ‘ल व्हँ एर्बे’ (१९३८–४१) ही ट्रिस्टन-इझोल्डची कथा वाग्नरच्या त्याच कथेवरील महाकाय संगीतनाट्याला दिलेले शांत उत्तर म्हणावे लागेल, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनिमित्त जिनिव्हा रेडिओसाठी रचलेली ‘इन तेर्रा पाक्स’ त्यांच्या श्रद्धेची साक्ष देते. ‘गोल्गोथा’ (१९४५–४८) ही गायनकृती मात्र काही ठिकाणी एकाच गंभीर रंगात रेंगाळते, हेही नोंदवले पाहिजे.

१९४६ पासून नेदरलँड्समध्ये राहिलेल्या मार्तँ यांनी १९५० च्या दशकात कोलोनमध्ये अध्यापन केले. रचनाकार स्टॉकहाउझेन हे तेथील त्यांचे विद्यार्थी. परंतु पुढच्या पिढीने गुरूचा मार्ग पत्करला नाही, आणि त्या नकारामुळे मार्तँ यांचे मूल्यमापन आजही त्यांच्या योग्यतेपेक्षा तोकडे राहिले आहे.