चार बैठका, पण बसतं कोण?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींचे विषय ऐकले की त्यात 'सहभाग' हा शब्द हमखास येतो. 'शिक्षकांचा प्रशासनातील सहभाग : एक अभ्यास' वगैरे. मग प्रश्नावली. 'महत्त्वाच्या निर्णयांत मला सहभागी करून घेतलं जातं', आणि समोर पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच चौकटी. हीच प्रश्नावली अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून वाटली तर खुणा कुठे पडतील, हे सांगायला संशोधन लागत नाही. माझी या पद्धतीबद्दल तक्रार आहे ती एवढीच, की माणसांना विचारायच्या आधी नियम वाचलेला नसतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. जळगावच्या एखाद्या संलग्न सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सर, आणि सिव्हिलच्या आवारात 2018 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. दोघेही सहायक प्राध्यापक, दोघांचं गाव एकच.

सरांना 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू. त्याच्या कलम 97 मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे. तिच्यात पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक असतात, त्यांत किमान एक महिला. वर्षातून निदान चार बैठका. आणि कामांच्या यादीत वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करणं हेही आहे.

मॅडमचं कॉलेज सुरू झालं तेव्हा भारतीय वैद्यक परिषदेचे 1999 चे किमान निकष लागू होते. त्यांतही एक कॉलेज कौन्सिल आहे. बैठका? वर्षातून किमान चार. इथपर्यंत दोन्ही कागद जुळे भाऊ वाटतात. आता सदस्य बघा : सगळे विभागप्रमुख, अध्यक्ष अधिष्ठाता. निवडून आलेलं कोणीच नाही. विभागप्रमुख नसलेल्या शिक्षकाला जागाच नाही, म्हणजे मॅडम बाहेर. आणि कामं? अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणाचा तपशील, शिस्त, ग्रँड राउंड, संशोधनाचा आढावा. पैशाचा शब्द नाही. रिकाम्या पदांचा नाही.

या दोन कलमांमधला फरक कुठल्याही पाच चौकटींत सापडणार नाही. मॅडम 'सहमत'वर खूण करतील, कारण अभ्यासक्रमाच्या कामात त्यांना खरंच बोलावलं असेल. सर 'असहमत'वर करतील, कारण त्यांची विकास समिती फक्त कागदावर असेल. (असते बऱ्याचदा. त्याबद्दल आम्हा सायन्सवाल्यांनी फार मिरवू नये.) तुमचा तक्ता सांगेल की मेडिकलमध्ये सहभाग जास्त!

धुळ्याची गोष्ट आणखी गुंत्याची. चक्करबर्डीचं भाऊसाहेब हिरे मेडिकल आधी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेलं होतं. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि पदवी, परीक्षा, संलग्नता तिकडे गेली. तिथेही अधिसभा आहे, विद्यापरिषद आहे, शिक्षकांच्या निवडणुका होतात. पण पदनिर्मिती, बदल्या आणि अधिष्ठात्याची नेमणूक विद्यापीठ करत नाही. ते राज्याचं वैद्यकीय शिक्षण खातं बघतं, आणि भरती लोकसेवा आयोगामार्फत. धुळ्याचा शिक्षक अधिसभेत निवडून गेला आणि रिकाम्या पदांबद्दल उभा राहिला, तरी ती भरणारा माणूस त्या सभागृहात नाही. म्हणून 'विद्यापीठाच्या प्रशासनात सहभाग' मोजताना आधी ठरवा, कुठल्या दारातला.

वर दिल्लीतही तेच झालंय. 1956 च्या कायद्यात प्रत्येक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेतला एक सदस्य अधिसभेने निवडून परिषदेवर पाठवायची तरतूद होती. त्या परिषदेची अब्रू पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गेली, हे खरं. सप्टेंबर 2020 मध्ये तिच्या जागी 33 जणांचा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग आला. त्यातल्या 10 जागा राज्यांनी सुचवलेल्या कुलगुरूंमधून आळीपाळीने भरतात आणि 9 राज्य वैद्यक परिषदांच्या प्रतिनिधींमधून. म्हणजे डॉक्टरांचं मत कसंबसं पोचतं. शिक्षक म्हणून दिलेलं मत मात्र गेलं. दुखणं निवडणुकीतल्या पैशाचं होतं, की शिक्षकांच्या मताचं? दोन्ही एकाच सुरीने कापलं, असं माझं वाचन.

याला एक उत्तर नेहमी मिळतं : हॉस्पिटल चोवीस तास चालतं, तिथे मतदान घेत बसायचं का? अपघात विभागात नाहीच घ्यायचं. पण वर्षातून चार वेळा, आठ दिवस आधी अजेंडा फिरवून भरणारी बैठक ही काही इमर्जन्सी नव्हे. विभागप्रमुख आहेत की सगळ्यांच्या वतीने, हेही ऐकतो. मात्र शासकीय कॉलेजात ते स्वतःच बदलीपात्र. ते किती मोकळं बोलत असतील, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो चौकटीत मावत नाही.

त्याचा माग इतिवृत्तांत लागतो. दोन्ही कॉलेजं शासकीय, म्हणजे माहिती अधिकार लागू. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. मागच्या दोन वर्षांतल्या कॉलेज कौन्सिलच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं मागा. आलेल्या कागदांवर प्रत्येक विषयासमोर पेन्सिलने दोनच नोंदी करा : विषय कोणी मांडला, आणि कोणी विरोध केल्याचं कुठे लिहिलंय का. प्रश्नावली त्यानंतर लिहा.